उणे दहा

कानाच्या विभागात तिला नावानं कोणी हाक मारत नसे. सगळे तिला बीपबाई म्हणत. तेवीस वर्षं ती त्या जाड काचेच्या खोलीबाहेर बसून मशीनचं चाक फिरवत होती, आत बसलेल्या माणसाच्या कानात बारीक बारीक बीप सोडत होती आणि त्यानं बटण दाबलं की कागदावर खूण करत होती. विद्यार्थी हे नाव पाठीमागे घेत, जुने लोक तोंडावर. त्याचं तिला काही वाटत नसे. तिचा राग होता तो एकाच माणसावर, आणि तो तिनं अकरा वर्षं असा जपला होता की बायका दागिनेसुद्धा तसे जपत नाहीत.

तो माणूस म्हणजे विभागाचे मोठे डॉक्टर. हुशार, यात वादच नाही. उंच, पांढरेशुभ्र केस, कोटाला कधी सुरकुती नाही, आणि जिभेला अशी धार की आपण कापले गेलोय हे समोरच्याला घरी गेल्यावर कळायचं. दर गुरुवारी सकाळी विभागाची सभा भरायची. त्या सभेची एक रीत होती. कोणीतरी एखादा अवघड पेशंट आणायचा, व्यासपीठावरच्या खुर्चीत बसवायचा, मोठ्या डॉक्टरांना आधी अवाक्षर सांगायचं नाही, आणि त्यांनी पाच प्रश्नांत रोग ओळखायचा. ते उजव्या हाताचा पंजा वर धरत आणि एकेका प्रश्नाला एकेक बोट मिटत. पाचही बोटं मिटून मूठ झाली की खेळ संपला. पण मूठ होण्याची वेळ क्वचितच यायची. बहुतेकदा तिसऱ्या बोटालाच ते रोगाचं नाव सांगून मोकळे होत आणि हॉल टाळ्यांनी भरून जाई. बीपबाई मागच्या रांगेत बसायची आणि एकदाही टाळी वाजवायची नाही. हात मांडीवर, ओठ घट्ट मिटलेले.

कारण अकरा वर्षांपूर्वीचं होतं. बीपबाईला एक धाकटी बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून हिनंच तिला वाढवलं. वेणी घालण्यापासून कान उपटण्यापर्यंत सगळं हिनंच केलं. धाकटी मोठी झाली ती रुंद खांद्यांची, खणखणीत आवाजाची, आणि एका छप्पर घातलेल्या तलावावर मुलांना पोहायला शिकवू लागली. गळ्यात निळ्या दोरीची शिट्टी. आमच्या बाई पाण्यात मासोळी आणि बाहेर पोलीस, असं मुलं म्हणायची.

एक दिवस तिनं शिट्टी फुंकली आणि स्वतःच धपकन पाण्यात पडली. मुलांना वाटलं, बाईंनी गंमत केली. दुसऱ्या वेळी फरशीवर पडली आणि हनुवटी फुटली. तिसऱ्या वेळी एका मुलाची आई म्हणाली, “या बाई सकाळीसकाळी पिऊन येतात की काय?” झालं! बोलायला अशी एक बाई पुरते. महिन्याभरात धाकटीची नोकरी गेली.

“ताई, शिट्टी वाजली ना, की अख्खा तलाव उभा राहतो गं,” धाकटी रडकुंडीला येऊन सांगायची. “आणि माझे डोळे वाजतात.”

“काय वाजतात?”

“डोळे. इकडून तिकडे फिरवले की आत आवाज येतो, लाकडावर पॉलिशपेपर घासावा तसा. चालले की टाचा कानात आपटतात. बिस्कीट खाल्लं तर तू काय बोलतेस तेसुद्धा ऐकू येत नाही.”

बीपबाईनं तिला विभागात नेलं, काचेच्या खोलीत बसवलं आणि तिच्या कानामागच्या हाडावर ती छोटी डबी टेकवली. डबी हाड थरथरवते आणि आवाज हाडातून थेट आतल्या कानात जातो. चाक शून्यावर आलं. आता शून्य म्हणजे काहीच ऐकू न येणं नव्हे. धडधाकट तरुण माणसाला जेमतेम ऐकू येईल एवढा आवाज, त्याला शून्य म्हणायचं. चाक त्याच्याही पलीकडे फिरतं, उण्यात जातं, पण तिकडे कोणी नेत नाही, कारण तिकडे कोणाला ऐकू येत नाही. बीपबाईनं सहज नेलं. उणे पाच. डाव्या कानाला धाकटीनं बटण दाबलं. उणे दहा. धाकटीनं पुन्हा दाबलं. त्यापुढे चाकच संपलं.

तो कागद घेऊन ती मोठ्या डॉक्टरांकडे गेली तेव्हा त्यांच्याभोवती सात विद्यार्थी उभे होते. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि हसले. “उणे दहा! वा! बाई, तुमच्या घरी मुंग्या चालल्या तरी झोपमोड होत असेल नाही?” सातही जण हसले. डॉक्टर हसल्यावर न हसण्याची छाती कोणाची? “एक तर तुमचं मशीन बिघडलंय, नाहीतर तुमच्या बहिणीला बटणाशी खेळायला आवडतं. शून्याच्या पलीकडे मोजत बसायला हा कानाचा विभाग आहे की जादूचे प्रयोग?” मग त्यांनी धाकटीला आत बोलावलं, चार मिनिटं पाहिलं, लाल पेनानं त्याच कागदावर आडवं लिहिलं, ‘कान उत्तम. तक्रार मानसिक.’ खाली तारीख घातली, सही ठोकली आणि बीपबाईकडे बघत कागद फाडून दोन तुकडे टोपलीत टाकले. “नवा काढा. शून्यापर्यंत.” दुसऱ्या दिवशी मशीनच्या वर पाटी लागली. ‘सर्व चाचण्या शून्यावर थांबवाव्यात.’

ते दोन तुकडे बीपबाईनं टोपलीतून उचलले, चिकटपट्टीनं जोडले आणि कपाटात साड्यांच्या तळाशी ठेवले. तळपायाची आग मस्तकात गेली होती. सात पोरांसमोर तिचा पाणउतारा झाला होता, तोही बारा वर्षांच्या नोकरीनंतर. एक ना एक दिवस हा कागद यांच्या तोंडावर फेकीन, असं तिनं मनात पक्कं केलं.

आता हे ऐकणाऱ्याला वाटेल, बाईला डॉक्टरांचं म्हणणं पटलं नव्हतं. इथंच तर गोची होती. राग आला, पण पटलंही. एवढा मोठा माणूस, हजारो कान पाहिलेला, तो म्हणतो मानसिक, म्हणजे मानसिकच असणार. आणि मग तिला वाटू लागलं, हिच्या नाटकांपायी माझी शोभा झाली. डॉक्टरांवर तर राग काढता येत नव्हता. घरी धाकटी होती.

“काय आलं गं चाचणीत?” धाकटीनं विचारलं.

“काय यायचंय? सगळं ठीक. कान उत्तम आहेत. डॉक्टर म्हणतात, मानसिक आहे.”

“मग डोळे का वाजतात?”

“नाटकं पुरे,” बीपबाई म्हणाली.

ते दोन शब्द त्या दिवशी घरात शिरले आणि मुक्कामाला राहिले. कुकरची शिट्टी झाली आणि धाकटी भिंत धरून खाली बसली, की नाटकं पुरे. धाकटी म्हणाली, दुसऱ्या एखाद्या दवाखान्यात जाऊ या का? मोठ्या डॉक्टरांनी सांगितल्यावर आता काय राहिलंय, नाटकं पुरे. त्यांनीच लिहून दिलेल्या, डोकं शांत ठेवायच्या गोळ्या खाऊन धाकटी जाडी झाली, मंद झाली, केस पिकले. मागच्या खोलीत खिडकी लावून बसायची. आपल्याच पावलांचा आवाज नको म्हणून पायात दोन दोन मोजे. जेवण मऊ, भिजवलेलं. वाचायची तेव्हा डोळे एका जागी रोखून पुस्तकच डावीकडून उजवीकडे सरकवायची, ओळीमागून ओळ. ते बघून बीपबाईचा अगदी तिळपापड व्हायचा. “सरळ वाचायला काय होतं तुला?” धाकटी उत्तर देत नसे. तिनं उत्तरं देणं कधीच सोडून दिलं होतं.

अशी अकरा वर्षं गेली. मग एक दिवस काचेच्या खोलीत एक घड्याळ दुरुस्त करणारा म्हातारा येऊन बसला. बोटांना तेलाचा वास, कपाळावर भिंगाचा वळ. बीपबाई त्याच्या कानावर डबी टेकवत असताना तो ओशाळून म्हणाला, “बाई, हसू नका हं. माझे डोळे वाजतात.”

बीपबाईच्या हातातून डबी सुटली.

“काय म्हणालात?”

“घड्याळाचं पोट तपासायचं म्हणजे डोळे सारखे फिरवावे लागतात. तर फिरवले की कानात खरखर होते. बायकोला सांगितलं, ती म्हणाली, वय झालं तुमचं.”

या म्हाताऱ्यानं धाकटीला आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. दोन अनोळखी माणसं एकच नाटक शब्दाला शब्द करतील कशी? बीपबाई उठली आणि तडक नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. ही मुलगी चार महिन्यांपूर्वीच लागली होती. लहानखुरी, चष्मेवाली, सतत काहीतरी वाचत बसलेली. तिनं म्हाताऱ्याचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही. मग खिशातून फोर्क काढला, तो दोन दात्यांचा लोखंडी काटा, जो आपटला की घुमत राहतो. कानांच्या डॉक्टरांकडे तो असतोच. पण ती तो कानाजवळ नेईना! तिनं खाली वाकून त्याचा दांडा म्हाताऱ्याच्या पायाच्या घोट्याच्या हाडावर टेकवला.

“अरेच्चा!” म्हातारा दचकला. “हा तर उजव्या कानात वाजतोय!”

“बाई, चाक शून्याच्या पलीकडे न्या,” डॉक्टरीण म्हणाली.

“पाटी आहे वर,” बीपबाई म्हणाली.

“असू दे. न्या.”

म्हाताऱ्यानं उणे दहाला बटण दाबलं.

डॉक्टरीणबाईंनी मग कागदावर चित्र काढून समजावलं. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या तीन कमानी असतात. त्यातल्या वरच्या कमानीवरचं हाड कधी कधी एखाद्याचं जन्मापासून कागदासारखं पातळ असतं, आणि पुढे कधीतरी, डोक्याला लागून किंवा नुसतं झिजून, तिथं मोहरीएवढं भोक पडतं. मग बाहेरचा मोठा आवाज ऐकण्याच्या वाटेनं न जाता तोलाच्या वाटेला शिरतो आणि माणूस भेलकांडतो. आणि शरीरातले आवाज, जे कधी ऐकू येऊ नयेत, ते कानात येऊन धडकतात. नाडी, टाचा, डोळ्यांची बुबुळंसुद्धा. “फार थोड्या लोकांना होतं हे. आणि ज्यांना होतं ते सांगायला लाजतात. डोळे वाजतात असं सांगितल्यावर कोण विश्वास ठेवणार?”

“कोणीच नाही ठेवत,” बीपबाई म्हणाली.

दुपारी ती रजा टाकून घरी आली. डॉक्टरीणबाईंचा फोर्क पदरात होता. धाकटी भिंतीकडे तोंड करून पडली होती. बीपबाईनं न बोलता तिचे दोन्ही मोजे काढले, फोर्क दाराच्या चौकटीवर आपटला आणि दांडा घोट्यावर टेकवला.

“डाव्या कानात,” धाकटी वळूनही न बघता म्हणाली. “बंद कर ते.”

बीपबाई पलंगाच्या कडेला बसली आणि तिनं सगळं सांगितलं. घड्याळवाला, काटा, भोक, ऑपरेशन करून बुजवता येतं ते. फक्त जुन्या कागदाबद्दल बोलली नाही. आधी भडभडून रडली, मग रडता रडताच तिचा जबडा आवळला. “त्या माणसाला सोडणार नाही मी. अकरा वर्षं खाल्ली त्यानं तुझी. गुरुवारच्या सभेत तुलाच त्याच्यासमोर बसवते. तो तुला ओळखणार नाही. पाच प्रश्न विचारेल, बोटं मिटेल, आणि पुन्हा म्हणेल मानसिक. मग सगळ्या हॉलदेखत त्याचं नाक कापते की नाही बघ!”

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. डोळे न हलवता, तिच्या सवयीप्रमाणे.

“येईन,” ती म्हणाली. “पण मला जे विचारतील त्याचं मी खरं खरं उत्तर देईन.”

“अगं, तेच तर पाहिजे!” बीपबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना हे फारसं पटलं नाही. तिनं धाकटीचं स्कॅन करून घेतलं, भोक स्पष्ट दिसलं, ऑपरेशनची तारीखही ठरवली. “उपचार होणार आहेत ना, मग सभा कशाला?” ती म्हणाली. पण पेशंटच म्हणतेय येते, तेव्हा तिचा नाइलाज झाला.

गुरुवार उजाडला. बीपबाई त्या दिवशी मागच्या रांगेत बसली नाही, पहिल्या रांगेत बसली. पर्समध्ये चिकटपट्टी लावलेला तो कागद. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता आणि भूकही नव्हती. लग्नात वरमाई काय मिरवेल अशी ती ताठ बसली होती.

मोठ्या डॉक्टरांनी खुर्चीतल्या बाईकडे पाहिलं. ओळखीची खूण काडीमात्र नाही. पंजा वर झाला.

“काय होतं तुम्हाला?”

“शिट्टी वाजली की मी पडते,” धाकटी म्हणाली. हॉलमध्ये कोणीतरी खुसखुसलं. पहिलं बोट मिटलं.

“खोकलात, शिंकलात, जड काही उचललंत, तर?”

“तेव्हाही जग तिरकं होतं.”

दुसरं बोट. बीपबाई पुढे सरकून बसली. म्हण, म्हण मानसिक! वाट कसली बघतोस?

“तुमचा स्वतःचा आवाज तुम्हाला कुठे ऐकू येतो?”

“डाव्या कानात. पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. आणि डोळे फिरवले तर तेही ऐकू येतात.”

तिसरं बोट मिटलं आणि मोठे डॉक्टर हसले. खिशातून फोर्क काढला, त्या वयात गुडघ्यावर बसले आणि दांडा धाकटीच्या घोट्यावर टेकवला. धाकटीनं डाव्या कानाकडे बोट दाखवलं.

डॉक्टर उभे राहिले आणि त्यांनी रोगाचं नाव सांगितलं. अचूक. मग वळून सगळ्यांना समजावलं, तेही असं सुरेख की शाळेतल्या पोरालाही कळावं. “आतल्या कानाला दोन खिडक्या असतात. हिच्या कानाला तिसरी पडलीय. त्या खिडकीतून नको ते आत येतं आणि नको ते बाहेर जातं. दोन वर्षांपूर्वी एका परिषदेत हे ऐकलं होतं. पेशंट मात्र आज पहिल्यांदाच बघतोय.”

हॉल टाळ्यांनी दणाणला. धाकटीनं खुर्चीचे हात घट्ट धरले, कारण त्या टाळ्यांनीही तिचं जग फिरत होतं, हे त्या शहाण्यांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. पुढे सरकलेली बीपबाई मागे टेकली. हा ओळखून बसला! अकरा वर्षं जो वार धार लावून ठेवला होता, तो हवेत गेला. वर म्हणतो, पहिल्यांदाच बघतोय. पहिल्यांदाच!

डॉक्टर रंगात आले होते. “किती वर्षं काढलीत अशी?”

“अकरा,” धाकटी म्हणाली. “मानसिक आहे म्हणाले. गोळ्या घेते.”

चौथं बोट मिटलं, पण आता डॉक्टरांचं बोटांकडे लक्षच नव्हतं. ते विद्यार्थ्यांकडे वळले. चेहरा लाल. राग अगदी खरा होता, हे कबूल केलं पाहिजे. “ऐकलंत? अकरा वर्षं! चार मिनिटं नीट ऐकून घेतलं असतं तर ही बाई वाचली असती. ज्या गाढवानं हिच्या कागदावर मानसिक लिहिलं त्याचं नाव मला हवंय. असल्या माणसाला पेशंटसमोर बसायचा अधिकार नाही!”

बीपबाई उठली. व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढली, पर्स उघडली आणि कागद त्यांच्या हातात दिला.

“नाव खाली आहे, साहेब.”

डॉक्टरांनी कागद पाहिला. लाल अक्षर पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

“मोठ्यानं वाचा ना,” बीपबाई म्हणाली. “मागच्यांना ऐकू येत नाही. सगळ्यांचेच कान काही उणे दहाचे नसतात.”

“कान उत्तम,” डॉक्टर पुटपुटले. “तक्रार... मानसिक.”

“आणि सही?”

“माझी.”

“आमच्या घरी मुंग्या चालल्या तरी झोपमोड होते, साहेब. आठवतं का? सात जण हसले होते. आणि मशीनवर पाटी लावलीत तुम्ही. अजून आहे ती. तिच्यामुळे किती जण ‘कान उत्तम’ ऐकून घरी गेले असतील, ते आता तुम्हीच मोजा. शून्यापासून मोजा!”

डॉक्टर टेबलाला टेकले. एकाएकी म्हातारे दिसायला लागले. बीपबाईच्या अंगातून गार, गोड काहीतरी फिरत गेलं. अकरा वर्षांचा वचपा निघाला होता. चेहरा कसा पडलाय बघा! हा चेहरा फ्रेम करून भिंतीवर लावावा असं तिला वाटलं.

डॉक्टर धाकटीकडे वळले. एकच बोट ताठ उरलं होतं, त्यांच्याही नकळत.

“माझ्यानंतर,” ते म्हणाले, “अकरा वर्षांत दुसऱ्या कोणालाच कसं दाखवलं नाहीत?”

धाकटी डॉक्टरांच्या हातातल्या कागदाकडे बघत होती.

“तो कागद मी आज पहिल्यांदा बघतेय,” ती म्हणाली. “चाचणीत काही निघालं होतं हेच मला माहीत नव्हतं. ताईनं सांगितलं, सगळं ठीक आहे. दुसरीकडे जाऊ या म्हटलं की म्हणायची, नाटकं पुरे. तुम्ही मला खोटी एकदाच ठरवलीत, डॉक्टर. ताईनं रोज. तुमच्याकडे मी चार मिनिटं होते. तिच्याकडे अकरा वर्षं होते, आणि कागदही तिच्याकडेच होता.”

पाचवं बोट मिटलं. मूठ झाली. हॉलमधल्या सगळ्यांच्या नजरा आता डॉक्टरांवर नव्हत्या. बीपबाईला त्या पाठीवर टोचत होत्या.

मोठे डॉक्टर पुढच्या गुरुवारी सभेला आले नाहीत, त्यापुढच्याही नाही. पाटी कोणीतरी काढली. भिंतीवर चार खिळ्यांची भोकं राहिली. बीपबाई चाक फिरवत बसायची आणि त्या भोकांकडे बघायची. जिंकलेल्या माणसाला भूक लागते म्हणतात, तिला तर पाणीसुद्धा गोड लागत नव्हतं.

धाकटीचं ऑपरेशन झालं. भोक बुजवलं. डावा कान थोडा मंदावला, पण डोळे गप्प झाले. पहिल्या दिवशी तिनं नुसते डोळे फिरवले, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, आणि उशीत तोंड खुपसून ढसाढसा रडली. मग पुडा फोडून सहा बिस्किटं खाल्ली, एकामागून एक, कुरुमकुरुम. महिना दीड महिना भिंत धरून चालली. बीपबाईनं सगळं केलं. न्हाऊ घातलं, हात धरून जिने उतरवले, औषधाच्या वेळा सांभाळल्या. धाकटी प्रत्येक वेळी म्हणायची, “थँक्यू, ताई.” ज्या बहिणीनं उभ्या जन्मात कधी आभार मानले नव्हते, उलट पाण्याचा पेला दिला तर गार का नाही म्हणून भांडायची, तिचं ते थँक्यू बीपबाईच्या काळजाला घरं पाडायचं. त्यापेक्षा हिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

एकदा तिनं धीर करून विचारलंच, “माझ्यावर राग आहे का गं?”

“थँक्यू, ताई, सूप छान झालंय,” धाकटी म्हणाली.

तिसऱ्या महिन्यात, एका सकाळी, बीपबाई स्वयंपाकघरात उभी असताना धाकटी दारात आली. खांद्यावर पिशवी, पायात मोजे नाहीत, चपला. आणि गळ्यात निळ्या दोरीची शिट्टी. दोरी मळून काळपट झाली होती.

“तलावावर बोलावलंय,” ती म्हणाली. “आधी बघू दे, जमतंय का.”

तिनं शिट्टी ओठांत धरली आणि छाती भरून फुंकली.

त्या इवल्याशा खोलीत तो आवाज भिंती फोडील असा घुमला. धाकटी जागची हलली नाही. दोन्ही पाय फरशीवर, खांदे सरळ, नजर समोर. बीपबाईनं मात्र दोन्ही हातांनी कान गच्च दाबले आणि ओट्यावर वाकली. तेवीस वर्षं काचेशेजारच्या शांततेत जपलेले कान ते. आत नुसती किणकिण उठली होती, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ते पाणी फक्त शिट्टीचंच होतं असं तिलाही म्हणता आलं नसतं.

“दुखलं गं,” ती कशीबशी म्हणाली.

धाकटीनं पिशवी नीट केली, दार उघडलं आणि उंबऱ्यात थांबून तिच्याकडे पाहिलं.

“नाटकं पुरे, ताई,” ती म्हणाली आणि जिना उतरू लागली.